दहावीचं विज्ञान पहिल्यांदाच शिकवायला घेताना

जूनमध्ये वेळापत्रकावर दहावीचं विज्ञान तुमच्या नावासमोर दिसलं, की आधी बालभारतीची दोन्ही पुस्तकं (भाग एक आणि भाग दोन) स्वतः सलग वाचून काढा. गाइड नंतर. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुने प्रश्नसंच आणणार असाल तर साल बघून घ्या. २०१८-१९ मध्ये पुस्तकं बदलली, त्याआधीचे संच आता उपयोगाचे नाहीत.

त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले होते. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत द्यावे लागले. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचे २० मात्र तेव्हाही शाबूत होते. हे गुण हमखास मिळतात म्हणून प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप आणि जानेवारीत फळ्यावरून वही उतरवून घेणं, असं कितीतरी ठिकाणी चालतं. मला ते मुलांवर अन्यायाचं वाटतं. मुलांच्या हातात भिंग द्या.

कारण लेखी परीक्षेत मुलं अडकतात ती तिथेच. वस्तू बहिर्वक्र भिंगापासून २० सेंमीवर, नाभीय अंतर १० सेंमी. सूत्र पाठ असतं, पण वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं राहतं आणि उत्तर ६.७ येतं. यायला हवं २०, म्हणजे प्रतिमा दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, उलटी आणि वस्तूएवढीच. ज्याने मेणबत्ती आणि पडदा मागेपुढे सरकवून ती प्रतिमा पाहिलीय, त्याला ६.७ हे उत्तर लिहितानाच खटकतं. किरणाकृतीत बाणही तोच मुलगा न सांगता काढतो.

प्रत्येक भागाचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. तिसरा प्रश्न एकटाच १५ गुणांचा असतो, तीन-तीन गुणांची पाच उत्तरं. सरावाचा जास्तीत जास्त वेळ त्यालाच द्या.

आणि भाग दोन! आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक आरोग्य. ‘वाचलं की येतं’ म्हणून तो दिवाळीनंतर ढकलला जातो, मग डिसेंबरात तीन धडे एका आठवड्यात उरकतात. गुण दोन्ही भागांना सारखेच आहेत. पहिल्या आठवड्यापासून दोन्ही पुस्तकं बरोबरीने चालवा.

काठावरच्या मुलांच्या पालकांना जूनमध्येच बोलावून एक नियम समजावून सांगा: गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० लागतात, मात्र प्रत्येकात किमान २५ हवेत. गणितात २८ वर अडकणारा मुलगा विज्ञानात ४२ मिळवून दोन्ही विषयांत सुटतो. हे कळल्यावर गणिताच्या धास्तीने पुस्तक मिटून बसलेली मुलंही विज्ञानाचा अभ्यास मनापासून करतात, असा माझा अनुभव आहे.