मराठी चालतं, मग इमोजी कुठे अडतो? मोबाइल अ‍ॅपमधल्या दुरुस्त्या

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यासाठी ऑर्डरचं अ‍ॅप बनवलंय असं धरा. सूचनेच्या चौकटीत गिऱ्हाईक लिहितं: ‘तर्री जास्त’, त्यापुढे मिरचीचा इमोजी, त्यापुढे ‘कांदा नको’. काउंटरवरच्या टॅबवर पोचतं फक्त ‘तर्री जास्त’, आणि प्लेटीत कांदा येतो. लिहिताना फोनवर सगळं नीट दिसलेलं असतं, मराठीही बरोबर साठवली जात असते, म्हणून तपास कीबोर्डपासून सुरू होतो. सुरुवात डेटाबेसपासून करा.

यूटीएफ-8 म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात 3 बाइट घेतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला जुना ‘यूटीएफ8’ अक्षरसंच (कॅरेक्टर सेट) एका चिन्हाला जास्तीत जास्त 3 बाइट देतो. त्यामुळे ‘नागपूर’ म्हणजे 6 चिन्हं, 18 बाइट, त्यात बिनबोभाट मावतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, 65,535 च्या पुढच्या क्रमांकाला मात्र 4 बाइट लागतात, आणि संत्र्याचा इमोजी आहे 127818 वर. (त्याचं अधिकृत नाव टँजरीन. आपलं नागपुरी संत्रंही मँडरिनच्याच कुळातलं, तेव्हा खुशाल वापरा.) थोडक्यात, मराठीवर चाचणी करून ‘युनिकोड चालतं’ असा शेरा मारला की हमखास फसगत होते.

बिघाड कसा दिसतो त्यावरून जागा ओळखता येते. सर्व्हर स्ट्रिक्ट मोडमध्ये असेल तर 1366 क्रमांकाची चूक येते आणि ओळ साठवलीच जात नाही. मोड सैल आणि सर्व्हर कोडची डेटाबेसशी जोडणीही जुन्या यूटीएफ8 ची असेल, तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गळतो. वरची कांद्याची गोष्ट तीच. जोडणी नवी पण कॉलम जुना असेल तर इमोजीच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं.

उपाय म्हणजे यूटीएफ8एमबी4. हा संच मायएसक्यूएल 5.5.3 पासून आहे, आणि 8.0 पासून नव्या डेटाबेसला आपोआप लागतो. जुना डेटाबेस बदलताना आधी बॅकअप घ्या. नुसत्या ‘ऑल्टर डेटाबेस’ने आधीचे तक्ते बदलत नाहीत, तो फक्त पुढे बनणाऱ्या तक्त्यांना लागू होतो. प्रत्येक तक्त्यावर ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ चालवावा लागतो. जे तक्ते एकमेकांशी जोडले जातात ते एकाच वेळी बदला. एक जुना, एक नवा राहिला तर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) वापरला न जाऊन क्वेरी रेंगाळते. मग सर्व्हर कोडमधल्या जोडणीचा कॅरेक्टर सेटही बदला. सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच पायरी.

इंडेक्सवर एक जुनी अडचण येते. ओळीच्या जुन्या रचनेत इंडेक्सची मर्यादा 767 बाइट आहे. 255 अक्षरांचा कॉलम 3 बाइटच्या हिशोबाने 765 वर बसायचा, 4 बाइटने तो 1020 होतो. एकतर इंडेक्स 191 अक्षरांवर आणा, नाहीतर ओळीची रचना डायनॅमिक करा. तिथे मर्यादा 3072 बाइट आहे.

कोलेशनकडेही, म्हणजे मजकुराची तुलना करायच्या नियमांकडेही, बघाच. ‘यूटीएफ8एमबी4 युनिकोड सीआय’ला सगळे 4 बाइटवाले इमोजी सारखेच वाटतात. संत्रं शोधलं तर सफरचंदही हाती येतं, आणि युनिक कॉलममध्ये दुसरा इमोजी ‘आधीच आहे’ म्हणून नाकारला जातो. 8.0 वर ‘0900 एआय सीआय’ घ्या. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस यूटीएफ8 मध्ये असेल तर ही सगळी कटकट नाही.

आता फोनकडे. मोजणी तिथे चुकते, कारण ‘एक अक्षर’ प्रोग्रामिंगच्या प्रत्येक भाषेत वेगळं आहे. चौघांचं कुटुंब दाखवणारा इमोजी डोळ्यांना एक दिसतो, पण तो 7 चिन्हांचा असतो: चार माणसं आणि त्यांना जोडणारे तीन अदृश्य जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. यूटीएफ-16 या दुसऱ्या साठवण-पद्धतीत तो 11 एकक आणि यूटीएफ-8 मध्ये 25 बाइट भरतो. स्विफ्टचा काउंट 1 म्हणेल. कोटलिन, डार्ट आणि जावास्क्रिप्टची लेंथ 11 म्हणेल. मायएसक्यूएलचा व्हारकार (मजकुराचा कॉलम) 7 धरेल. एकाच इमोजीचे तीन हिशोब. अँड्रॉइडवर आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा ब्रेकइटरेटर वापरा (अँड्रॉइड 7.0 पासून उपलब्ध), डार्टमध्ये ‘कॅरेक्टर्स’ पॅकेज. मजकूर सबस्ट्रिंगने कधीच तोडू नका. नोटिफिकेशनची पहिली 40 ‘अक्षरं’ घेताना इमोजी मधोमध चिरला जातो आणि शेवटी चौकोन किंवा तुटलेलं कुटुंब दिसतं. सर्व्हरवर मात्र बाइटची वेगळी कमाल मर्यादा ठेवा, कारण दिसायला एकच असलेल्या अक्षरामागे कितीही जोडचिन्हं लावता येतात.

मराठीचं जोडाक्षरही याच चाळणीतून जातं. ‘त्री’ जुन्या नियमाने दोन तुकडे मोजला जायचा, 2023 च्या युनिकोड 15.1 पासून एक. म्हणून जुन्या आणि नव्या फोनवर आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.

‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ असा साफसफाईचा कोड कुणी लिहिला असेल तर तो आधी तपासा. झेडडब्ल्यूजे काढला की कुटुंबाची चार सुटी माणसं होतात, आणि मराठीही बिघडते. ‘दुसऱ्या’ शब्दातला र दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे. दुसऱ्या प्रकारातला जोडक गेला की शब्द ‘दुसर्या’ होऊन बसतो. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेले सफाईचे कोड हे सर्रास करतात.

फॉन्टचं काम त्यामानाने सोपं. आयफोनवर इमोजी आयओएसच्या अपडेटबरोबरच येतात. अँड्रॉइडवर अ‍ॅपकॉम्पॅट ही लायब्ररी 1.4 किंवा पुढची असेल तर तिच्यासोबत इमोजी2 आपोआप जोडलं जातं आणि जुन्या फोनवर नवे इमोजी प्ले सर्व्हिसेसकडून येणाऱ्या फॉन्टने दिसतात. मात्र तुमचा स्वतःचा व्ह्यू साध्या टेक्स्टव्ह्यूवरून बनला असेल तर तिथे चौकोनच राहतील. तो अ‍ॅपकॉम्पॅट टेक्स्टव्ह्यूवरून बनवा. प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनसाठी फॉन्ट अ‍ॅपमध्येच भरणारी ‘बंडल्ड’ आवृत्ती आहे, अ‍ॅपचं वजन वाढवून. मजकुराच्या चौकटीची उंची पक्की बांधू नका, इमोजीचं डोकं आणि आपल्या वेलांट्या दोन्ही कापल्या जातात.

नावात इमोजी नको म्हणून रेजेक्स (मजकुरातला नमुना ओळखणारा नियम) लिहिताना ‘इमोजी’ हा युनिकोड गुणधर्म वापरू नका. 0 ते 9 हे इंग्रजी आकडेही त्यात मोडतात, मग ‘प्लॉट 45’ नाकारला जातो. ‘एक्स्टेंडेड पिक्टोग्राफिक’ घ्या; देशांचे झेंडे त्यात येत नाहीत, ते वेगळे तपासा. सी++ चा भाग असेल तर तो जावाशी जोडणाऱ्या जेएनआयच्या ‘न्यूस्ट्रिंगयूटीएफ’ला इमोजी देऊ नका, त्याला बदललेला यूटीएफ-8 लागतो आणि अ‍ॅप कोसळू शकतं. बाइट अ‍ॅरे पाठवून जावाकडे स्ट्रिंग बनवा. एसएमएस जात असेल तर इंग्रजी मेसेजमधला एकच इमोजी 160 ची मर्यादा 70 वर आणतो. मराठी मेसेज तसाही 70 चाच असतो.

चाचणीला पाच इमोजी पुरतात: संत्रं, मिरची (मागे अदृश्य रूपदर्शक, म्हणजे रंगीत रूप मागणारं चिन्ह, एकूण 2 चिन्हं, 7 बाइट), त्वचेचा रंग निवडलेले जोडलेले हात, तिरंगा (दोन चिन्हांचा, 8 बाइट) आणि कुटुंब. प्रत्येकाच्या मागे-पुढे मराठी शब्द ठेवा, म्हणजे गळती लगेच कळेल. साठवा, परत वाचा, शोधा, नोटिफिकेशनमध्ये पाठवा. शेवटी डंप (डेटाबेसची मजकुरातली प्रत) काढून रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा. जुन्या मायएसक्यूएलचं डंप साधन डिफॉल्टने 3 बाइटच्या संचात लिहितं, त्यामुळे चालू डेटाबेस ठीक असूनही बॅकअपमध्ये प्रश्नचिन्हं सापडतात. डंप घेताना कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 असा स्पष्ट द्या.