कडक फिल्टर कॉफीची तयारी: आधी पाकीट उलटं करा
दुकानात पाकीट हातात आलं की पहिल्यांदा ते उलटं करून चिकोरी किती टक्के आहे ते वाचा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ. रंग काळाभोर, चव कडू, कॅफीन शून्य. त्यामुळे कपात बघून काही कळत नाही. आपल्याकडे मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं. ५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी असं मिश्रण असलं तर २० ग्रॅम पुडीत कॉफी भरते जेमतेम साडेदहा ग्रॅम. फिल्टर, पाणी, वेळ सगळं अचूक जमवलं तरी झोप काही उडत नाही.

सुटी पूड घेत असाल तर ‘चिकोरी अजिबात नको’ असं तोंडाने सांगा, न विचारता मिसळून देणारे पुष्कळ असतात. शंका आली तर काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या, वर चमचाभर पूड टाका आणि पेला हलवू नका. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरीचे कण मात्र लगेच बुडू लागतात आणि मागे तपकिरी रेघा सोडत खाली जातात.

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. बी रोबस्टाची घ्या. अरेबिकात वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफीन, रोबस्टात दोन टक्के किंवा त्याहून थोडं जास्त. कोडगू आणि वायनाडकडे हीच भरपूर पिकते, शिवाय स्वस्त पडते. नुसती रोबस्टा घशाला खरखरीत लागते, म्हणून निम्मी अरेबिका घातली तरी चालेल. जास्त भाजलेली बी घेऊन काही साधत नाही, कडवटपणा वाढतो, कॅफीन नाही.

दळण बारीक हवं, पण मैद्यासारखं नको. इथे पुन्हा चिकोरीच आडवी येते: ती पाणी धरून ठेवते, म्हणून मिश्रण हळू झिरपतं. चिकोरी काढली की तेच पाणी भराभर खाली उतरतं आणि डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात जमणारा कॉफीचा अर्क, पातळ येतं. तेव्हा शुद्ध कॉफी नेहमीपेक्षा जरा बारीक दळून घ्या आणि फिल्टरमध्ये पुडीवर ठेवायच्या चकतीने थोडी जास्त दाबा. दगडासारखी दाबू नका, थेंबच पडणार नाही.

फिल्टरचं वरचं भांडं उजेडाकडे धरून भोकं बघा, बुजलेली असतील तर जुन्या ब्रशने घासा. पूड २० ग्रॅम, वजन करून. चमच्याचा भरवसा नको. पाणी १२० मिली, उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून. आधी पूड भिजेल एवढंच ओता, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग चकतीवरून गोलाकार बाकीचं. झाकण, वीस मिनिटं. मध्येच थेंब थांबले तर वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा, खाली हवा कोंडलेली असते.

दूध वेगळं तापवा, डिकॉक्शन उकळू नका. दुसऱ्यांदा पाणी ओतलंत तर रंग मिळेल, फार काही नाही.

एक इशारा मात्र नीट वाचा. २० ग्रॅम शुद्ध रोबस्टात ४०० मिलिग्रॅमच्या घरात कॅफीन असतं, आणि निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादाही साधारण तेवढीच धरतात. म्हणजे एवढं डिकॉक्शन तीन-चार कपांचं आहे, एकट्याने एका बैठकीत संपवायचं नाही. छाती धडधडायला लागली की थांबा. गरोदर बाईने दिवसभरात २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावं.

दुपारी चारनंतर नको. उरलेलं फ्रिजमध्ये, दोन दिवस. फिल्टर लगेच धुवा. पूड संपली की नवी आणताना, दुकान तेच, पाकीट तेच असलं तरी, चिकोरीचा आकडा पुन्हा वाचा.