हडकुळ्या, नाजूक पोटाच्या कुत्र्याचं वजन वाढवताना

वजन वाढवायचं म्हणून तूप-लोण्यावर भर देऊ नका. एकदम जास्त चरबी गेली की जुलाब लागतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते आणि मिळवलेलं वजनही जातं. खाणं वाढवण्याआधी शौचाची तपासणी करून घ्या. पोटात जंत असतील तर खाऊ घातलेलं अंगी लागणारच नाही.

पोट बिघडलेलं असेल तर दोन-तीन दिवस बिनकातडीचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ भात दोन भाग. कांदा-लसूण अजिबात नको. हे कायमचं जेवण नव्हे, यात कॅल्शियम फारच कमी असतं. मग 7 ते 10 दिवसांत नेहमीचं संपूर्ण खाद्य (ज्यात कुत्र्याला लागणारी सगळी पोषकद्रव्यं असतात ते) हळूहळू मिसळत न्या: आधी पाव हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण. दिवसाचं खाणं चार वेळांत विभागा. शौच घट्ट राहिलं तरच दर तीन-चार दिवसांनी साधारण दहा टक्के वाढवा. पातळ झालं की एक पायरी मागे. घाई इथेच नडते.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. बरेच दिवस उपाशी राहिलेला, सतत ओकणारा किंवा शौचात रक्त जाणारा कुत्रा असेल तर घरचे प्रयोग नकोत, थेट पशुवैद्य.