लेझरने घन नमुना तपासताना: आधी ऊर्जा जमवा, मग पीक वाचा

धातू असो, खनिज असो की काच, नमुना आम्लात विरघळवत बसावं लागत नाही, म्हणून लेझर आयनीकरण मास स्पेक्ट्रोमेट्री मला फार आवडते. यात लेझरचा झोत नमुन्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, उडवतो आणि यंत्र ते वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतं. वीज न वाहणाऱ्या नमुन्यावर धातूचा थरही चढवावा लागत नाही. पण काम इतकं झटपट होतं की नवी मुलं पहिलाच स्पेक्ट्रम (वस्तुमानानुसार आयनांचा आलेख; त्यातलं प्रत्येक टोक म्हणजे पीक) खरा मानून वहीत उतरवतात. तसं करू नका.

नमुना सपाट घासा, स्वच्छ करा आणि हातमोजे घालूनच उचला. बोटांच्या घामातलं सोडियम-पोटॅशियम या यंत्राला लगेच दिसतं. सच्छिद्र नमुना बराच वेळ हवा सोडत राहतो, त्यामुळे निर्वात नीट जमेपर्यंत थांबा. निओडिमियम-याग लेझरचा १०६४ नॅनोमीटरचा झोत डोळ्यांना दिसत नाही. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घातल्याशिवाय लेझर चालू करायचा नाही.

खरी मेहनत ऊर्जेवर घ्या. झोत कमजोर असेल तर सोडियम-पोटॅशियमसारखी सहज आयन होणारी मूलद्रव्यं फुगून दिसतात आणि बाकीची दबतात. तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १ अब्ज वॅट किंवा त्याहून जास्त नेली की हा भेदभाव बराच कमी होतो. फोकसही तितकाच महत्त्वाचा: ठिपक्याचा व्यास निम्मा झाला की तीव्रता चौपट होते. म्हणून नमुन्याची उंची बदलली की फोकस पुन्हा तपासा. नव्या जागेवरचे सुरुवातीचे शॉट (लेझरचे ठोके) फक्त पृष्ठभाग साफ करण्यासाठी मारा, ते सरासरीत धरू नका. थरांचा अभ्यास असेल तर मात्र तेच शॉट जपून ठेवा.

ऊर्जा वाढवली की दुसरी अडचण येते, दोन विद्युतभारांचे आयन. टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये, म्हणजे आयनांच्या उड्डाणाचा वेळ मोजणाऱ्या यंत्रात, आयन किती वेळात पोहोचेल हे वस्तुमान आणि भार यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतं. त्यामुळे दोन भारांचं लोह-५६ (५६ वस्तुमानाचा लोहाचा अणू) थेट २८ वर, म्हणजे सिलिकॉनच्या जागी येऊन बसतं. पोलादाच्या स्पेक्ट्रममध्ये २८ चा पीक दिसला की मी आधी २८.५ वर बघतो. लोह-५७ दोन भार घेऊन तिथेच येतं आणि अर्ध्या आकड्यावर एकेरी भाराचं कोणीच येऊ शकत नाही. मग २९ बघायचं: पीक सिलिकॉनचाच असेल तर २९ ची उंची २८ च्या साधारण ५ टक्के हवी. त्याहून खूपच कमी असेल तर २८ मध्ये लोह मिसळलंय. अशा वेळी ऊर्जा थोडी उतरवा किंवा सिलिकॉन ३० वर मोजा. २७ वरही सावध राहा, तिथे लोह-५४ ॲल्युमिनियमचं सोंग घेतं.

वस्तुमानाचा अक्ष खात्रीच्या दोन पीकांवर बसवा आणि तो दूरच्या तिसऱ्या पीकावर पडताळा. तांब्याचे ६३ आणि ६५ साधारण ६९ : ३१ आले पाहिजेत. ६३ कमी भरत असेल तर डिटेक्टर संपृक्त होतोय, म्हणजे येणारे सगळे आयन त्याला मोजता येत नाहीत, त्याचं व्होल्टेज कमी करा.

प्रमाण काढताना पीकाच्या क्षेत्रफळाला सापेक्ष संवेदनशीलता गुणांकाने (यंत्र एखादं मूलद्रव्य इतरांच्या तुलनेत किती ठळक दाखवतं ते सांगणारा आकडा) भागा. हा गुणांक नमुन्यासारख्याच प्रमाणित पदार्थावर, त्याच ऊर्जेला आणि त्याच फोकसला काढलेला असावा. एनआयएसटी (अमेरिकेची मानक संस्था) ६१० ही प्रमाणित काच सिलिकेट नमुन्यांसाठी उत्तम आहे. तिचा गुणांक पोलादाला लावू नका.