स्पिअरगनवर रीळ आणि दोरी कशी चढवावी

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडपासून ग्रेट बॅरिअर बेटापर्यंतच्या पाण्यात श्वास रोखून बुडी मारणारे शिकारी स्पिअरगनवर, म्हणजे रबराच्या ताणाने पाण्याखाली भाला फेकणाऱ्या बंदुकीवर, रीळ बसवतात, ते मुख्यतः किंगफिशसाठी. आपल्याकडच्या हॉटेलांत किंगफिश म्हणजे सुरमई. हा मासा मात्र वेगळा, हलव्याच्या कुळातला असून भाला लागताच तो खडकांकडे किंवा खोल पाण्याकडे अतिशय जोराने धाव घेतो. अशा वेळी भाला जर तीन मीटरच्या दोरीने थेट बंदुकीला बांधलेला असेल, तर बंदूक सोडून द्यावी किंवा श्वास संपत आलेला असताना माशामागे ओढले जावे, एवढेच दोन मार्ग उरतात. रीळ लागते ते माणसाला बंदूक हातात ठेवून श्वासासाठी वर येता यावे म्हणून. मासा थकवणे हे त्याचे दुसरे काम. खालची प्रत्येक जोडणी करताना हा क्रम मनात ठेवावा.

दोरीची लांबीही यावरूनच ठरते. तुम्ही बारा मीटर खोल जात असाल, तर वर येईपर्यंतच बारा मीटर दोरी सुटणार आणि त्याच वेळी मासा उलट दिशेला धावत असणार. म्हणून बुडीच्या खोलीच्या किमान तिप्पट दोरी असावी. सर्वसाधारण वापरासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीची डायनीमा या कृत्रिम धाग्याची पन्नास मीटर दोरी पुरते. डायनीमा ताणली जात नाही, पाण्यावर तरंगते आणि फार मजबूत असते. पण ती गुळगुळीत असल्याने साध्या गाठी तिच्यावर सरकतात.

रीळ बंदुकीच्या नळीच्या खालच्या बाजूला, मुठीच्या थोडे पुढे बसवावे. घट्ट करण्यापूर्वी मूठ धरून पाहावी, चापावर बोट ठेवावे आणि भाल्याची दोरी अडकवण्याची कळ मोकळी फिरते का ते तपासावे. ही कळ रिळाला घासत असेल, तर नेम धरून चाप ओढल्यावर दोरी सुटणार नाही आणि भाला अर्ध्यातच झटका खाईल.

नंतर दोरीचे टोक रिळाच्या चकतीतील भोकातून ओवून पक्के बांधावे आणि चकती भरावी. हे काम घाईने करू नये. दोरी आधी पाण्यात भिजवावी, दुसऱ्या कोणाला तरी ती ओल्या फडक्यात दाबून धरायला सांगावे आणि तो ताण कायम ठेवत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत समान थर देत गुंडाळावी. सैल गुंडाळलेली दोरी मासा ओढू लागला की वरच्या थरातून खालच्या थरात रुतते, आणि रीळ नेमके नको त्या क्षणी अडकते. माझ्या एका सोबत्याच्या रिळाचे असेच झाले. त्याने बंदूक ताबडतोब सोडली म्हणून तो सुखरूप वर आला. बंदूक मात्र गेली. चकती काठोकाठ भरू नये. काठाखाली चार-पाच मिलिमीटर जागा राहू द्यावी, कारण ओली दोरी हाताने परत गुंडाळताना नेहमीच जास्त जागा घेते.

रिळातून निघालेली दोरी नळीच्या तोंडाशी असलेल्या भोकातून किंवा कडीतून पुढे न्यावी, म्हणजे ओढ नळीच्या सरळ रेषेत येते आणि बंदूक हातात आडवी फिरत नाही. या टोकाला फास करायचा आहे. दोरी पोकळ विणीची असेल, तर तिचे टोक सुमारे पंधरा सेंटिमीटर तिच्याच पोटात ओढून घ्यावे आणि सुई-दोऱ्याने दोन-चार टाके घालावेत. असा फास दोरीची जवळजवळ सगळी ताकद राखतो, तर गाठीने ती निम्म्याच्या आसपास घटू शकते. पोकळ वीण नसेल, तर दुहेरी दोरीची आठच्या आकाराची गाठ मारावी, ती ओली करून घट्ट ओढावी आणि टोक लांब सोडावे.

भाल्याची दोरी वेगळी असते. तिच्यासाठी मी सुमारे १.८ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा एकपदरी धागा वापरतो, कारण तो खडकाला घासला तरी डायनीमापेक्षा जास्त टिकतो आणि गुंता कमी करतो. शंभर सेंटिमीटरच्या बंदुकीत भाल्याच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत, तेथून मागे कळीपर्यंत आणि पुन्हा तोंडापर्यंत असा एक फेरा धरला, तर साधारण तीन मीटर लागतात. दोन फेऱ्यांना पाच मीटर. धागा भाल्याच्या भोकातून ओवून, त्याच्या जाडीला बसणाऱ्या क्रिंपमधून, म्हणजे दाबून बसवायच्या धातूच्या छोट्या नळीतून, दुहेरी न्यावा, टोक ज्योतीने वितळवून छोटा मणी करावा आणि क्रिंप मधोमध दाबावा. क्रिंपच्या कडा दाबू नयेत. दाबलेली कड धाग्यालाच कापते. येथला फास लहान आणि चपटा हवा, नाहीतर भाला सुटताना तो अडतो.

धाग्याच्या दुसऱ्या टोकाला भोवरकडी, भोवरकडीला लवचिक दोरीचा वीतभर तुकडा आणि त्या तुकड्याला रिळाच्या दोरीचा फास, असा क्रम ठेवावा. भोवरकडीमुळे मासा गोल फिरला तरी पीळ दोरीत चढत नाही. लवचिक तुकडा फेरे ताणून धरतो आणि पहिला झटका झेलतो.

आता ड्रॅग, म्हणजे चकतीचा रोध. तो इतका घट्ट असावा की लवचिक तुकड्याच्या ताणाने दोरी आपोआप सुटू नये, आणि इतका सैल की एका हाताने सलग ओढल्यास ती हिसके न देता येत राहावी. जमिनीवर कोणाला तरी भोवरकडी धरून पळायला सांगावे. बंदूक हातातून खेचली जात असेल, तर रोध जास्त आहे. पूर्ण आवळलेले रीळ असून नसल्यासारखेच असते.

पाण्यात उतरल्यावर आधी भाला बसवावा, मग दोरीचे फेरे घ्यावेत आणि सर्वांत शेवटी रबर ओढावेत. पाण्याबाहेर बंदूक कधीही भरू नये; होडीत चढण्याआधी ती रिकामी करावी. बंदूक किंवा दोरी अंगाला बांधू नये, आणि कोणत्याही हाताला मिळेल असा सुरा जवळ ठेवावा. सोबती वर थांबून लक्ष ठेवील तेव्हाच दुसऱ्याने बुडी मारावी, कारण श्वास रोखणाऱ्याची शुद्ध बहुधा वर येताना, पृष्ठभागाजवळच हरपते. रीळ आहे म्हणून बावट्याचा तरंगता बोया सोडून येऊ नये. न्यूझीलंडमध्ये बुडीच्या बावट्यापासून २०० मीटरच्या आत होड्यांनी वेग ५ नॉटवर (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) आणायचा असतो. पण त्यांना बावटा दिसला पाहिजे.

भाला लागलेला मासा परत सोडता येत नाही. तेथे किंगफिश किमान ७५ सेंटिमीटर असावा लागतो, तेव्हा चापाला हात लावण्यापूर्वीच अंदाज पक्का करावा आणि शंका असेल तर मासा जाऊ द्यावा.

मासा लागल्यावर आधी वर यावे, श्वास घ्यावा आणि मगच दोरी हाताने खेचावी. खेचलेली दोरी पाण्यावर तरंगते व पायातल्या फिन्सना गुंडाळते, म्हणून ती प्रवाह ज्या बाजूला जात असेल त्या बाजूला सोडावी. मासा ताब्यात आल्यावर ती लगेच, ताण देऊन गुंडाळावी. घरी चकती काढून सगळे गोड्या पाण्यात धुवावे आणि शेवटचे दोन मीटर बोटांतून फिरवून पाहावेत. धागा खरखरीत लागला तर तेवढा कापून फास नव्याने करावा.