खडबडीत, ओबडधोबड, उंचसखल: लिहिताना या चुका टाळा

बेळगावात बरीच वर्षं मराठी मजकूर तपासायचं काम करतोय, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, पोरांचे निबंध, जे येईल ते. आणि लाल पेन सगळ्यात जास्त कुठं चालत असेल तर खडबडीत या शब्दावर. शब्द चांगलाच आहे, पण जे जे सपाट नाही ते सगळं खडबडीत असं करून टाकलंय लोकांनी. डोंगर खडबडीत, रस्ता खडबडीत, पिठलं सुद्धा खडबडीत!

हात फिरवल्यावर बारीक बारीक उंचवटे लागतात ते खडबडीत. गुळगुळीतच्या बरोबर उलटं. खानापूरकडं जांभ्याच्या चिऱ्यांची गिलावा न केलेली भिंत असते बघा, तिच्यावर तळवा फिरवा म्हणजे कळेल. गोकाकच्या करदंटाची वडी, सुकामेव्याचे तुकडे वर आलेली, तिला पण म्हणा हवं तर. पण आपल्या बेळगावच्या कुंद्याला, त्या दुधाच्या मिठाईला, खडबडीत म्हणू नका, जाहिरातीत वाचलंय मी ते. कुंदा रवाळ असतो, तिथं दाणा जिभेला लागतो, हाताचा काय संबंध? आणि पिठल्यात असतात त्या गुठळ्या.

आता ओबडधोबड. यात उंचवट्यांचा प्रश्नच नाही, आकाराचा आहे. घडवायला घेतलं आणि नीट घडलं नाही, किंवा घडवताना सफाई ठेवली नाही, असा एक दोष त्या शब्दात येतो. हे मला एका गावच्या देवळाच्या स्मरणिकेनं शिकवलं. देवी म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, देव म्हणून पुजलेला मूळचा दगड, कोरलेली मूर्ती नाही. टाईप करणाऱ्या पोरानं मूळ कन्नड माहिती मोबाईलच्या ट्रान्सलेटरमधून काढली आणि छापलं, "गाभाऱ्यात देवीची ओबडधोबड मूर्ती आहे." शेवटचं प्रूफ माझ्याकडं होतं, घाई होती, मी ते वाक्य तसंच सोडलं. चूक माझीच. पाचशे प्रती गावात पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी माणसं दारात. एक आजी म्हणाल्या, "आमच्या आईला कुणी घडवलंच न्हाई, तर वाईट घडवली असं कसं लिहिलासा?" त्या आजींनी जो फरक सांगितला तो मला कुठल्या पुस्तकातनं इतका स्पष्ट कळला नव्हता. ज्याला छिन्नी लागलीच नाही ते अनघड. रात्रभर बसून आम्ही तिघांनी पाचशे प्रतींवर ‘अनघड’ची पट्टी चिकटवली. तेव्हापासून कुणी ओबडधोबड लिहिलं की मी पहिला प्रश्न विचारतो, हे कुणी घडवलंय का? घडवलेलं नसेल तर दुसरा शब्द शोध. झटपट ट्रान्सलेटर लावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण अर्थ विचारायला गावात माणसं जिवंत आहेत आणि यांना दोन मिनिटं थांबवत नाही.

आमच्या सीमाभागातली अजून एक चूक म्हणजे माणसाला खडबडीत म्हणणं. कन्नडात ओरटु हा शब्द पृष्ठभागालाही चालतो आणि वागण्यालाही, त्यामुळं दोन्ही भाषा बोलणारी पोरं सरळ लिहितात, "माझे आजोबा खडबडीत पण प्रेमळ आहेत." पोरांना मी रागवत नाही, दोन भाषा डोक्यात असणं ही कमाई आहे. फक्त मराठीत आजोबांचे हात खडबडीत असतील, आजोबा नाहीत. ते रांगडे असतील, तुसडे असतील, फटकळ असतील, तीनही वेगळी माणसं आहेत, तुमचे कुठले ते आधी ठरवा. आवाज असेल तर घोगरा.

रस्त्याचं तसंच. कन्नडात तग्गु-दिन्ने म्हटलं की खड्डे आणि उंचवटे दोन्ही आले, मराठीत खाचखळगे लिहा. उंचसखल म्हणजे जमिनीचे चढउतार, खानापूरचा पश्चिमेकडचा भाग उंचसखल आहे, तिथला रस्ता डांबर घालून कितीही गुळगुळीत केला तरी भाग उंचसखलच राहणार. नांगरलेल्या काळ्या रानात असतात ती ढेकळं.

बाकीच्या पटपट सांगतो. ‘खडबडित’ नाही, डी दीर्घ, झणझणीत मिळमिळीत सारखी. ओबडधोबडमध्ये ध आहे, ढ नाही. लिंगवचनानं खडबडीत बदलत नाही, दगड, भिंत, फरशा सगळ्यांना तोच. आणि खडबडून जागं होण्याचा उंचवट्यांशी काही संबंध नाही, ते दचकून उठणं.

इंग्रजी माध्यमातली मुलं नॉबली या शब्दाला डिक्शनरीत बघून खडबडीत लिहितात (त्याचं स्पेलिंग के पासून सुरू होतं पण के बोलत नाहीत, हे पण सांगून ठेवतो). तो शब्द मोठ्या गाठींसाठी आहे. झाडाची मुळी, आल्याचा तुकडा, यांना गाठाळ म्हणा. नॉबली गुडघे म्हणजे हाडं वर आलेले गुडघे, एका शब्दात बसत नसेल तर तीन शब्द वापरा, कागद कमी पडत नाही. मी क्लासला येताना पिशवीत एक आल्याचा गड्डा, एक विटेचा तुकडा आणि पॉलिशपेपर घेऊन येतो, पोरांना डोळे मिटायला सांगून हातात देतो आणि मग शब्द विचारतो. पॉलिशपेपरला मात्र पोरं न चुकता खरखरीतच म्हणतात.