फुगे बघा, मग सुई टेकवा

माझी भाची नऊ वर्षांची. तिला ग्राफिक नॉव्हेल्सचं, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींच्या पुस्तकांचं वेड, मला इंडी रॉकच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रॉक बँडच्या रेकॉर्ड्सचं. एकाच खोलीत बसायचं तर तडजोड हवी, म्हणून ती वाचत असताना त्या पुस्तकाला साजेशी रेकॉर्ड लावायची, ही जुळवाजुळव सुरू झाली. सुरुवातीला मी विषय जुळवत होतो: समुद्राच्या गोष्टीला समुद्राची गाणी. दहा मिनिटांत ती वैतागली. "मामा, तो माणूस मधेमधे बोलतोय, मला वाचताच येत नाहीये."

तेव्हापासून विषय सोडला आणि चित्रांतले संवादाचे फुगे बघायला लागलो. पुस्तक मधूनच उघडा, चार-पाच पानं चाळा. संवादाचे फुगे गच्च भरलेले असतील तर शब्द कमी असलेली किंवा पुटपुटत गायलेली रेकॉर्ड काढा. शब्दांशी शब्द भांडले की हरतं ते पुस्तकच.

मग वेळ. एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस मिनिटांची. मुलाला दहा पानं वाचायला किती वेळ लागतो ते एकदा गुपचूप घड्याळ लावून बघा. आमच्याकडे बडबड्या पुस्तकाची दहा पानं सहा मिनिटांत होतात, म्हणजे एका बाजूत तीस-बत्तीस पानं. तेवढ्यात प्रकरण संपत असेल तर उत्तम. बाजू उलटायला उठणं हीच मधली सुट्टी.

आणि रेकॉर्ड आधी एकट्याने पूर्ण ऐका. पूर्ण! एकदा मी आळस केला, दुसऱ्या बाजूवर एक सणसणीत शिवी निघाली आणि भाचीने ती आजीसमोर म्हणून दाखवली.

आता जमलेल्या जोड्या. सेसी बेलचं 'एल डीफो' (2014) हे तिच्या स्वतःच्या बहिरेपणाची गोष्ट सांगतं, फक्त सगळी पात्रं ससे आहेत. तिला ऐकू येत नाही तिथे फुगे रिकामे, आणि तिच्या कानाच्या यंत्राची बॅटरी संपत आली की फुग्यातली अक्षरं फिकी होत जातात. याला मी यो ला टेंगो या बँडची 'अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट' (2000) लावतो. जवळजवळ सगळी कुजबुज, शेवटचं गाणं तर सतरा मिनिटांचं. मधे 'चेरी चॅपस्टिक' नावाचं एकच गोंगाटी गाणं आहे. पहिल्या वेळी आम्ही दोघंही दचकलो, आता तिथे सुई उचलतो. आवाजाचं बटण मात्र मुलाच्या हातात द्या. फिकी अक्षरं आली तशी भाचीने आपणहून आवाज कमी केला, आणि रिकाम्या फुग्यांपाशी पार बंद. मी सुचवलं नव्हतं.

व्हिक्टोरिया जेमिसनच्या 'रोलर गर्ल'ला (2015) माझा नियम लागू होत नाही. फुगे भरपूर आहेत, पण चाकांचे बूट घालून खेळायच्या त्या धक्काबुक्कीच्या खेळाला कुजबुज कशी चालेल? स्लीटर-किनीची 'डिग मी आउट' (1997) घ्या. या बँडमध्ये बेस गिटार नाही. दोन गिटारी एकमेकींना कोपर मारत पळतात आणि खालून जॅनेट वाइसचे ड्रम्स. वाचताना शांतता ठेवा, सामन्याची पानं आली की सुई टेकवा. संपूर्ण पुस्तकभर वाजवलीत तर डोकं दुखेल. माझं दुखलं.

छोट्या छोट्या चित्रपट्ट्यांच्या पुस्तकांना, उदाहरणार्थ डेना सिम्प्सनच्या 'फीबी अँड हर युनिकॉर्न'ला, गायडेड बाय व्हॉइसेस या बँडची 'बी थाउजंड' (1994). वीस गाणी, एकूण जेमतेम छत्तीस मिनिटं. घरगुती टेपवर केलेलं खरखरीत रेकॉर्डिंग. गाणारा रॉबर्ट पोलार्ड कित्येक वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होता, हे कळल्यावर भाचीचा त्याच्यावर एकदम विश्वास बसला.

शॉन टॅनच्या 'द अरायव्हल'मध्ये (2006) संवादच नाहीत. फुगे नाहीत तर शब्द चालतील, असं मला वाटलं होतं. चुकलं. "हे तो माणूसच म्हणतोय का?" असं ती दर गाण्याला विचारायला लागली. परक्या देशात पोचलेल्या त्या माणसाला तिथली लिपी वाचता येत नाही, आणि ती लिपी टॅनने स्वतः रचलेली असल्याने आपल्यालाही येत नाही. म्हणून एक्सप्लोजन्स इन द स्काय या बँडची 'दि अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' (2003): फक्त वाद्यं, पाच लांब तुकडे, पाऊण तास. इथे पानांचा हिशेब करू नका. भाची एकेका पानावर बाजू संपेपर्यंत रेंगाळते.

जेफ स्मिथच्या 'बोन'पाशी मात्र घोडं अडलंय. 1991 ते 2004 अशी तेरा वर्षं चाललेली गोष्ट, एकत्र खंडात तेराशेच्या वर पानं; सुरुवातीला नुसता दंगा आणि शेवटी युद्ध. मी सहा रेकॉर्ड लावून पाहिल्या. सहावीनंतर भाचीने पुस्तकातून डोकं वर न काढता हात केला, "मामा, राहू दे ना जरा वेळ."